गॅस्केट बसवण्याआधीचं काम

जून उजाडला की कोकणातल्या बोटी वर घेतल्या जातात, झापांनी किंवा ताडपत्रीनं शाकारल्या जातात आणि इंजिनं उघडायला वेळ मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण, मिरकरवाडा, हर्णैपासून मुंबईच्या ससून डॉकपर्यंत डिझेल इंजिनांची मोठी दुरुस्ती याच दिवसांत उरकावी लागते. त्यात एक्झॉस्टचं काम हमखास असतं आणि त्याबरोबर दर वर्षीची एक तक्रारही असते: गेल्याच हंगामात नवं गॅस्केट घातलं होतं, तरी जॉइंट पुन्हा लीक मारतोय. मग दोष गॅस्केटवर जातो. माल हलका निघाला, पुढच्या वेळी महागातलं आणू, असं ठरतं आणि तेही वर्षभरात उडतं. या धंद्यात वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. असं पुन्हा पुन्हा उडणारं गॅस्केट बहुतेक वेळा निर्दोष असतं. ज्या दोन धातूंच्या मध्ये ते बसतं, त्यांचे फेस, म्हणजे एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग, नीट तयार केलेले नसतात. गॅस्केट बदलणं ही दुरुस्तीतली शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी आहे. खरी दुरुस्ती त्याआधी होते, आणि ती झाली नसेल तर बाजारातलं सर्वांत महाग गॅस्केटही ती भरून काढू शकत नाही.

हे पटायला गॅस्केट नेमकं काय करतं ते आधी पाहायला हवं. डोळ्याला आरशासारखा दिसणारा धातूचा फेसही भिंगाखाली डोंगर-दऱ्यांचाच असतो. असे दोन फेस एकमेकांवर दाबले तरी ते टेकतात फक्त उंचवट्यांवर, आणि मधल्या दऱ्यांतून वायू किंवा पाणी वाट काढतं. गॅस्केट त्या धातूपेक्षा मऊ असतं. बोल्टच्या दाबाखाली ते या दऱ्यांत शिरतं आणि वाट बुजवतं. पण या दऱ्या मायक्रॉनच्या हिशेबातल्या असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या. मिलिमीटरभर खोल गंजाचा खड्डा किंवा कमानीसारख्या वाकलेल्या मॅनिफोल्डची, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीची, फट बुजवणं हे गॅस्केटचं काम नाही, त्यासाठी ते बनवलेलंच नसतं. दुसरी गोष्ट अशी की गॅस्केट चिकटवत नाही. जॉइंट धरून ठेवतात ते बोल्ट. बोल्टचा दाब आणि त्या दाबामुळे फेस व गॅस्केट यांच्यात तयार होणारं घर्षण, या दोहोंवर गॅस्केट जागच्या जागी राहतं. फेसवर तेलाचा हात राहिला किंवा कुणी 'चांगलं बसावं' म्हणून ग्रीस लावलं, तर हेच घर्षण कमी होतं आणि आतल्या दाबानं गॅस्केट बाहेर सरकू लागतं.

आता बोल्टकडे पाहू, कारण फेस तयार करण्याचं सगळं महत्त्व माझ्या मते एका साध्या हिशेबात सामावलेलं आहे. आवळलेला बोल्ट किंवा स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंग असते. तो किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परतण्याची त्याची ओढ हाच जॉइंटवरचा दाब. समजा स्टडचा ताणला जाणारा भाग ४० मिलिमीटरचा आहे. चांगला आवळल्यावर त्यात दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन एवढा ताण असेल, तर पोलादाच्या गुणधर्मानुसार तो जेमतेम ०.०६ मिलिमीटर लांबतो. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे ही वाढ कागदाहूनही कमी. याचा अर्थ असा, की आवळताना फेसवर ०.०६ मिलिमीटर जाडीचा जुन्या गॅस्केटचा पापुद्रा, काजळीचा थर किंवा रंगाचा हात राहिला आणि इंजिन तापल्यावर तो जळून गेला, तर बोल्टचा जवळजवळ सगळा ताण त्याच्याबरोबर जातो. नव्या गॅस्केटची स्वतःची उसळी थोडीफार साथ देते, पण थोडीच. बोल्ट तेवढेच आवळलेले दिसतात, पाना लावला तर गंजलेल्या आट्यांमुळे ते घट्टही लागतात, पण जॉइंट मोकळा झालेला असतो. फेस साफ करायचा तो दिसायला चांगला हवा म्हणून नव्हे. तिथे जळून, कुजून किंवा दबून जाईल असं काही राहिलं, की ती जाडी थेट बोल्टच्या ताणातून वजा होते.

बोटीच्या एक्झॉस्टवर हा हिशेब अधिक कठोरपणे लागू होतो. जमिनीवरच्या इंजिनाला उष्णता आणि थरथर सोसावी लागते, बोटीच्या इंजिनाला त्यात खारं पाणी मिळतं. कोरड्या एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर पाइपानं थेट वर सोडला जातो तिथे, भार असताना डिझेलच्या धुराचं तापमान ४०० ते ५०० अंशांपर्यंत जातं. बिडाचा ६०० मिलिमीटर लांब मॅनिफोल्ड ३०० अंशांनी तापला तर जवळपास १.९ मिलिमीटर वाढतो. पाण्यानं थंड राहणारं सिलिंडर हेड त्याच्या पाव हिश्शानंही वाढत नाही. म्हणजे दर वेळी इंजिन तापताना आणि निवताना हे दोन फेस एकमेकांवरून मिलिमीटरभर तरी घासत सरकतात, आणि मधलं गॅस्केट ते सोसतं. ओल्या एक्झॉस्टमध्ये एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या तुकड्यापाशी, समुद्राचं पाणी धुरात सोडलं जातं. तिथे तापमान कमी, पण धोका वेगळा. पाण्याची आणि धुराची वाट एकाच फेसवर शेजारी-शेजारी उघडत असेल, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी बोटभर रुंदीची असते. ती निकामी झाली तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. बंद इंजिनात खारं पाणी मॅनिफोल्डमधून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. थोडं असेल तर सीट आणि रिंगा गंजतात. जास्त असेल तर स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो, आणि पाणी दाबलं जात नसल्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी काही रुपयांच्या गॅस्केटखालचा निष्काळजीपणा पूर्ण इंजिनाच्या किमतीला पडतो. कोरड्या बाजूची गळती निदान काजळीनं आणि आवाजानं ओरडते, तरी तीही साधी नाही. डेकखालच्या बंद खणात धूर साठतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो. खलाशी शेजारच्याच केबिनमध्ये झोपतात.

म्हणून जॉइंट उघडल्यावर हातात स्क्रेपर घेण्याआधी जुनं गॅस्केट वाचायला हवं. ही सवय लागली की निम्मं निदान तिथेच होतं. गॅस्केट शक्य तेवढं अखंड काढावं, त्याची वरची बाजू आणि पुढची दिशा खडूनं लिहावी आणि उजेडात धरावं. जिथे दाब नीट होता तिथे फेसचा ठसा स्पष्ट, चकचकीत आणि दबलेला असतो. जिथे दाब कमी पडला तिथे गॅस्केट मूळ जाडीचं, खरखरीत आणि मळकट राहतं. गळतीची वाट तर स्वतःची सहीच करून गेलेली असते: पोर्टच्या कडेपासून बाहेर जाताना पंख्यासारखी पसरत गेलेली काजळी. त्या पंख्याचं टोक ज्या जागी सुरू होतं, ती जागा फेसवर शोधायची. पंखे दोन टोकांच्या पोर्टांवर असतील आणि मधली पोर्टं स्वच्छ असतील, तर मॅनिफोल्ड वाकलेला असण्याची शक्यता मोठी. एकाच बोल्टाशेजारी असेल तर तो बोल्ट, त्याचे आटे किंवा तो ज्यातून जातो तो मॅनिफोल्डचा कान तपासायचा. पंख्याऐवजी बारीक सरळ रेघ असेल तर कुणाच्या तरी स्क्रेपरचा ओरखडा तिथे बसलेला असतो. जुनं गॅस्केट ओरबाडून समुद्रात किंवा भंगारात टाकणारा माणूस त्या जॉइंटची एकुलती एक साक्ष फेकून देतो आणि पुढच्या वर्षी तेच दुखणं परत बघतो.

साफसफाईचा पहिला नियम धातूनुसार हत्यार हा आहे. बिडाचा फेस पोलादी स्क्रेपर सोसतो. अॅल्युमिनियम सोसत नाही, तिथे पितळी किंवा कडक प्लास्टिकचा स्क्रेपर हवा आणि घाई अजिबात नको. स्क्रेपर उभा धरला तर तो रुततो. फेसशी जवळजवळ आडवा धरला तर पापुद्रा खालून सोलून निघतो. जुनी गॅस्केटं, विशेषतः ज्यांचा इतिहास माहीत नाही अशी, अॅस्बेस्टॉसची असू शकतात. ती कोरडी खरवडायची नाहीत, ग्राइंडर तर लावायचाच नाही. ओली करून, मास्क लावून काढायची आणि कचरा पिशवीत बंद करायचा. आज सर्वांत मोठा मोह मशीनवर फिरणाऱ्या अपघर्षक चकत्यांचा आहे. दोन मिनिटांत फेस चमकतो, हे खरं. पण हातानं धरलेली फिरती चकती सगळीकडे सारखं घासत नाही. जिथे डाग घट्ट तिथे हात रेंगाळतो आणि तिथेच धातूला खळगा पडतो. शिवाय चकतीतून झडलेले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण इंजिनात गेले तर बेअरिंग खातात. जनरल मोटर्ससारख्या कंपनीनं आपल्या मेकॅनिकांना सर्व्हिस बुलेटिन काढून याबद्दल बजावलं होतं. टर्बो असलेल्या इंजिनात तर खरवडताना पोर्टात पडलेला कार्बनचा खडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतो. म्हणून आधी प्रत्येक पोर्टात चिंधी, आणि चिंध्या मोजून. जेवढ्या घातल्या तेवढ्या बाहेर आल्या की मगच पुढचं काम.

साफ झालेला फेस धड आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि खाऱ्या पाण्याच्या कामात तोच सर्वांत जास्त फसवतो. बीड आणि समुद्राचं पाणी वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की बिडातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि त्यातला ग्राफाइट तेवढा मूळ आकारात मागे उरतो. भागाचा आकार तसाच, कडा तशाच, स्ट्रेट एज ठेवली तर सपाटही. पण पाण्याच्या वाटेशेजारी स्क्रेपरचं टोक टेकवून किंचित दाबलं तर आवाज बदलतो. चांगलं बीड स्क्रेपरखाली करकरतं, हे मात्र मुक्यानं कापलं जातं. पेन्सिलीच्या शिसासारखा काळा, मऊ थर भुगा होऊन सुटतो आणि बोटांना काळं लागतं. कधी तो अर्धा मिलिमीटर असतो, कधी टोक आत जातच राहतं. अशा फेसवर गॅस्केट ठेवून बोल्ट आवळणं म्हणजे भुसभुशीत भिंतीत खिळा मारणं. तो थर दबत जातो, आणि आधी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे बोल्टचा ताण त्याच्याबरोबर जातो. इथे स्क्रेपर हे साफसफाईचं हत्यार राहत नाही, ते तपासणीचं हत्यार होतं. धड धातू लागेपर्यंत खरवडायचं आणि मग उरलेली जाडी मोजायची. मोजल्यावर तो भाग ठेवायचा की टाकायचा हे ठरतं. अॅल्युमिनियमवर खाऱ्या पाण्याचं हे खाणं पांढऱ्या भुकटीच्या आणि खड्ड्यांच्या रूपात दिसतं. स्टेनलेस स्टीलवर गॅस्केटच्या कडेखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा फटीत, टाचणीच्या टोकाएवढे बारीक पण खोल खड्डे पडतात. ओल्या जॉइंटला अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेसवर ग्राफाइटचं गॅस्केट बसवलं, तर खाऱ्या पाण्यात त्या जोडीची बॅटरी होते आणि धातू खाल्ला जातो. म्हणून 'ग्राफाइटचं भारी असतं' हे कोरड्या बाजूला खरं असलं तरी ओल्या बाजूला उलटू शकतं.

तिसरा प्रश्न सपाटपणाचा. त्यासाठी लागतात दोनच वस्तू: खरी सरळ असलेली स्ट्रेट एज आणि फिलर गेज. खरी म्हणतो कारण लोखंडी पट्टी वापरून केलेलं माप पट्टीचाच बाक मोजतं. मॅनिफोल्ड उलटा ठेवून पट्टी सगळ्या पोर्टांवरून लांबीत ठेवायची, मग कर्णांवर. प्रत्येक पोर्टचा फेस वेगळा तपासून काही कळत नाही. एकेकटा सपाट असूनही ते एकमेकांच्या पातळीत नसतात आणि वाकलेल्या मॅनिफोल्डमध्ये नेमकं तेच झालेलं असतं. फटीत किती जाडीची पाती जाते हा आकडा. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल तर तीच अंतिम. नसेल तर मॅनिफोल्डच्या पूर्ण लांबीवर ०.१० मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत चार थाऊ, याच्या पुढे मी जाऊ देत नाही. यावर नेहमी येणारं म्हणणं असं की बोल्ट आवळले की बसेल. पातळ पत्र्याची फ्लँज कदाचित बसेल. बीड बोल्टनं कायमचं सरळ होत नाही, ते तुटतं. अर्धा मिलिमीटर बाक बोल्टनं ओढून बसवलेला मॅनिफोल्ड थंड असताना गप्प राहतो, पण तापून वाढू लागला की त्याला सरकायला वाव नसतो आणि त्याचा कान तडकतो. मॅनिफोल्डची टोकाकडची भोकं स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात ती याच हालचालीसाठी. त्यांत साठलेला गंज काढून ती मोकळी करणं हासुद्धा फेस तयार करण्याचाच भाग आहे.

सपाट म्हणजे गुळगुळीत, हा समज मात्र सोडायला हवा. फेस किती गुळगुळीत हवा ते गॅस्केटच्या जातीवर ठरतं. पोलादी पत्र्यांच्या थरांचं गॅस्केट जवळजवळ स्वतः काही भरत नाही, त्याला बारीक फेस लागतो. हेड गॅस्केटसाठी ०.८ मायक्रॉनच्या आतला खरबरीतपणा मागतात. मऊ, तंतूंच्या गॅस्केटला १.५ ते ३ मायक्रॉनचा फेस चालतो, उलट अगदी गुळगुळीत फेसवर त्याची पकड सुटते. कारखान्यांतल्या पाइप फ्लँजसाठी असलेलं एएसएमई बी १६.५ हे मानक तर फेसवर मुद्दाम बारीक गोल किंवा सर्पिल चऱ्या मागतं, ३.२ ते ६.३ मायक्रॉन खरबरीतपणाच्या. तिथे प्रश्न खरबरीतपणा किती याइतकाच चऱ्यांची दिशा कोणती हाही आहे. पोर्टभोवती गोल फिरणारी चरी कुठेही जात नाही, तिच्यात शिरलेला वायू तिच्यातच फिरतो. पोर्टमधून बाहेर जाणारा एकच आडवा ओरखडा मात्र उघडा नळ असतो. यावरून हाताच्या कामाचा नियम निघतो: शेवटचा हात कधीही आतून बाहेर मारायचा नाही. ऑइल स्टोन किंवा सपाट ठोकळ्यावर ताणून लावलेला पॉलिश पेपर, आणि हात गोल. बोटानं दाबून पेपर घासला तर बोट जिथे तिथे खळगा आणि कडा गोल. खड्ड्यांनाही हीच कसोटी. वेगळा पडलेला, उथळ, गॅस्केटच्या पट्टीच्या आतच संपणारा खड्डा चालेल. आतली कड आणि बाहेरची कड जोडणारी खड्ड्यांची माळ, मग ती कितीही उथळ असो, चालणार नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप सिलिकॉनचा: एवढा खटाटोप कशाला, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं की खड्डे भरतात. थंड पाण्याच्या किंवा तेलाच्या जॉइंटला, कंपनीनं सांगितलं असेल तिथे, सिलिकॉन उत्तम आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जास्त उष्णतेसाठी विकलं जाणारं लाल सिलिकॉनही साधारण ३०० अंशांच्या आसपास थकतं आणि कोरड्या एक्झॉस्टचा फेस भाराखाली त्याच्या पलीकडे जातो. मग ते भुकटी होऊन झडतं आणि त्याची जाडी बोल्टच्या ताणातून वजा होते. ओलं असताना ते वंगणासारखं वागतं आणि गॅस्केट सरकू देतं. जास्त फासलं तर आत पिळून निघालेली गाठ सुटते आणि पाण्याच्या वाटेत जाऊन बसते. दोन गॅस्केटं एकावर एक घालण्याचा उपायही याच जातीचा. दबणारा थर दुप्पट, म्हणजे सैल होणंही दुप्पट, आणि दोन गॅस्केटांच्या मध्ये घसरणारा एक नवा फेस फुकट मिळतो. धातूमिश्रित इपॉक्सीनं खड्डे भरणं पाण्याच्या थंड फ्लँजवर चालू शकतं. कोरड्या गरम फेसवर त्याची गत सिलिकॉनसारखीच होते.

दुसरा आक्षेप आदरानं ऐकण्यासारखा आहे. जुने मिस्त्री हॅकसॉच्या तुटक्या पातीनं खरवडायचे, पुठ्ठ्यासारखं जाड पॅकिंग हातानं कापून घालायचे आणि बोटी वर्षानुवर्षं चालायच्या. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण तेव्हा काय वेगळं होतं तेही पाहावं. इंजिनं सावकाश फिरणारी होती, टर्बो नव्हता, धुराचा दाब आणि ताप कमी होता, मॅनिफोल्ड जाड बिडाचा होता. जाड मऊ पॅकिंग खूप काही पोटात घालत असे, आणि ते वरचेवर आवळावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पाना हाताशीच असायचा. आजची गॅस्केटं पातळ आणि पोलादाच्या अंगाची आहेत. ती जास्त सोसतात, पण फेसची चूक माफ करत नाहीत. आणखी एक गोष्ट या आक्षेपात हरवते. त्या मिस्त्रींपैकी जे खरे कसबी होते ते फेस डोळ्यानं नव्हे तर निळा रंग लावून तपासत. एका फेसवर रंगाचा पातळ हात, दुसरा त्यावर टेकवून किंचित घासायचा, आणि रंग जिथे लागेल तेवढाच भाग खरवडायचा, पुन्हा टेकवायचं. हे तासन्‌तास चालायचं. त्यांचं हत्यार साधं होतं, कसोटी साधी नव्हती. आपण पात उचलली आणि निळा रंग विसरलो, तर परंपरेचा हवाला देण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेनं येतो: हातानं घासण्याचे दिवस गेले, मॅनिफोल्ड मशीन शॉपला द्या, फेसिंग करून आणा. बाक मर्यादेबाहेर असेल तर हाच मार्ग आहे. तिथे तासन्‌तास कानस मारणारा माणूस फेस गोल करून ठेवतो. पण फेसिंग हे निदान नाही. मशीन धड धातू आणि ग्राफाइट झालेला थर यांत फरक करत नाही, दोन्ही सारखेच चमकवते. ती जाडी कमी करते, आणि पाण्याचं जॅकेट असलेल्या मॅनिफोल्डला किती जाडी परवडते हे मशीनवाल्याला सांगावं लागतं. वाकलेला भाग क्लॅम्पनं दाबून बांधला, फेस मारला आणि सोडला तर तो पुन्हा कमान होतो. म्हणून तो मोकळा टेकवून, खाली पाचर देऊन बांधायला सांगावं लागतं. आणि मॅनिफोल्ड सरळ झाला तरी हेडचा फेस बोटीतच असतो. तो मशीन शॉपला गेलेला नसतो, त्याच्यावर हातच चालवावा लागतो. जॉइंटला दोन फेस असतात हे इतकं उघड आहे की विसरलं जातं. परतलेल्या दुरुस्त्यांत हातातला भाग उजळलेला आणि इंजिनावरचा, वाकून, आरशात बघून साफ करावा लागणारा फेस तसाच काळा, हे दृश्य सर्वांत जास्त वेळा दिसतं.

चौथा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, बोट पाण्यात हवी असते. हंगामाचे पहिले दिवस कमाईचे, आणि एका फेससाठी आणखी अर्धा दिवस मागणारा मेकॅनिक त्याला वेळकाढू वाटतो. याला माझं उत्तर हिशेबाचंच आहे. फेस तयार करायला लागणारा वेळ टळत नाही, पुढे ढकलला जातो. गळणारा जॉइंट पुन्हा उघडायचा तर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, सोडा, पाइप सोडा, पाणी काढा, स्टड सोडवा, आणि दुसऱ्यांदा सोडवताना एखादा स्टड तुटतोच. हे काम मग जेटीला लागलेल्या बोटीत, हलत्या पाण्यावर, तापलेल्या इंजिनावर वाकून करावं लागतं. शिवाय मधल्या काळात गळणाऱ्या गरम वायूनं त्या वाटेतला धातू खाल्लेला असतो. जूनमध्ये ओरखडा असलेली जागा डिसेंबरमध्ये चरी झालेली असते. वाट पाहण्यानं हे काम स्वस्त होत नाही, महागच होतं. जिथे वेळ खरोखरच नाही, तिथे निदान तसं तोंडावर सांगावं की हे काम तात्पुरतं आहे, केबिन मोकळी ठेवा आणि अमुक दिवसांनी पुन्हा उघडा. तात्पुरतं काम करणं हा गुन्हा नाही, ते पक्कं म्हणून देणं हा आहे.

फेस इतक्या मेहनतीनं तयार केला आणि बोल्टकडे दुर्लक्ष केलं तर मात्र सगळं पाण्यात जातं. टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या आकड्यापैकी साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. म्हणजे आटे गंजलेले असतील तर रेंच क्लिक करतो आणि जॉइंटवर दाब पोचलेला नसतो. म्हणून आटे टॅपनं आणि डायनं साफ, वॉशरचा बसायचा फेस साफ, गरम जागी आटे जाम होऊ न देणारं अँटिसीझ. मात्र ते लावल्यावर घर्षण कमी होतं, तेव्हा कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तसाच वापरायचा नाही. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर टेकतो आणि बिडाला तडा देतो. आवळणं मधून टोकांकडे, तीन टप्प्यांत. इंजिन एकदा चांगलं तापवून पूर्ण निवल्यावर, गॅस्केट बनवणाऱ्यानं मनाई केली नसेल तर, पुन्हा एकदा. तांब्याचं गॅस्केट पुन्हा वापरायचं तर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात विझवायचं. तांबं त्यानं मऊ होतं, आणि मऊपणा हाच त्याचा उपयोग आहे.

या कामानं शिकवलेली एक गोष्ट अशी की फेस तयार करताना प्रत्येक वेळी तीनच प्रश्न विचारायचे असतात आणि त्यांचा क्रम बदलायचा नसतो. साफ आहे का, धड आहे का, सपाट आहे का. साफ केल्याशिवाय धड आहे की नाही ते दिसत नाही, आणि धड नसलेल्या धातूचा सपाटपणा मोजण्यात अर्थ नाही. तिन्हींची उत्तरं 'हो' आली की बहुतेक साधी गॅस्केटं टिकतात. एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर हात थांबवून तसं सांगायची तयारी हवी, आणि कसब असलेल्या माणसालाही ही पायरी जड जाते. चार तास खरवडल्यावर हा एल्बो टाकून द्या असं म्हणणं अवघड असतं, कारण मालकाला ते चार तास वाया गेलेले वाटतात. पण ते वाया गेलेले नसतात. त्या चार तासांनी त्याचं इंजिन वाचलेलं असतं.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते, ती मेकॅनिकांना आणि बोटमालकांना सारखीच. आपल्या बिलांत गॅस्केटची किंमत असते, बोल्टांची असते, मजुरीचा एक गोळाबेरीज आकडा असतो, फेस तयार करण्याची ओळ कुठेच नसते. ज्या कामाला बिलात नाव नाही, ते घाईच्या दिवशी सर्वांत आधी कापलं जातं, आणि कापलं गेलं हे कुणाला कळतही नाही. म्हणून ती ओळ लिहावी: हेडचा फेस, मॅनिफोल्डचा फेस, किती तास, फिलर गेजचं माप किती आलं. आणि गॅस्केट ठेवण्याआधी मालकाला किंवा तांडेलाला खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दोन्ही फेस दाखवावेत, शेजारी जुनं गॅस्केट ठेवून. काजळीचा पंखा कुठे होता आणि आता त्या जागी काय आहे, हे दाखवायला पाच मिनिटं लागतात. एकदा ते पाहिलेला माणूस पुढच्या जूनमध्ये गॅस्केट कुठल्या कंपनीचं आणू हे विचारण्याआधी फेस कसे आहेत ते विचारतो.